दिवसा मामा, रात्री मावशी

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात जा, वॉर्डबॉयला नाव नसतं. तो मामा. आयाबाई असेल तर मावशी. "मामा, ट्रॉली आणा." "मामा, एक्स-रे कुठे?" दिवसभर हेच. मी परळच्या बाजूच्या एका रुग्णालयात कंत्राटावर मामा आहे, आठ वर्षं झाली. आणि आमच्या वाडीच्या नमनात मी मावशी आहे, त्याला सोळा वर्षं झाली. गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघणारी आणि वाटेत कृष्णाच्या सवंगड्याशी, पेंद्याशी, भांडणारी ती मावशी. भांडुपला आमच्या चाळीतली पोरं मला "दिवसा मामा, रात्री मावशी" म्हणून चिडवतात. राग कशाला यायचा? दोन्ही खरंच आहे.

गेली दोन-अडीच वर्षं मी टीव्हीत दिसण्याच्या मागे लागलोय. मंडळातली तीन-चार पोरं सारखी विचारतात, दादा, ऑडिशनला कुठे जायचं, पैसे किती लागतात, घालायचं काय. प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

ज्यांना नमन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर, लांजा, गुहागर या पट्ट्यात शिमग्याला खेळे निघतात. मृदंग, टाळ, कमरेला घुंगरं बांधलेला काळा संकासुर. तेच स्टेजवर चढलं की बहुरंगी नमन. आधी गण, मग गवळण, मग वगनाट्य. गिरण्यांत कामाला आलेल्या आमच्या माणसांनी ते मुंबईत आणलं. गावच्या देवळाला पैसे हवे असले की इथं प्रयोग लावायचा आणि प्रत्येकानं दहा-वीस तिकिटं खपवायची. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. १९८२ चा संप झाला, ते गावी गेले ते गेलेच. पुढे मरेपर्यंत त्यांनी मृदंग वाजवला. मी उलटा इकडे आलो.

परळचं दामोदर हे आमचं माहेर. १९२२ सालचं नाट्यगृह, कामगार वस्तीतलं. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी पहिली मावशी तिथलीच. पहिल्याच एन्ट्रीला नथ निसटून ओठावर आली. ती जिभेनं वर ढकलत मी दोन वाक्यं बोललो आणि अख्खं थिएटर हसलं. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. पुढच्या प्रयोगाला मी खरंच मुद्दाम केलं. ते हसू एकदा कानात बसलं की माणूस कामातून जातो, तसा मी गेलो.

टीव्हीचं खूळ मात्र टिकटॉकनं घातलं. मावशीच्या आवाजात मुकादमाच्या, सिस्टरच्या, भाजीवालीच्या नकला करायचो. २०२० चा शिमगा कसाबसा उरकला आणि मार्चमध्येच नाट्यगृहांना कुलपं लागली. आम्ही पीपीई किट घालून ट्रॉल्या ढकलत होतो. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही, ते वेगळं आहे. घरी आलो की आंघोळ करून मोरीतच उभा राहून व्हिडिओ काढायचो, कारण खोलीत पोरगा झोपलेला. एक व्हिडिओ दोन लाख लोकांनी बघितला. जूनच्या शेवटी सरकारनं टिकटॉक बंद केलं आणि एका रात्रीत माझे दोन लाख गेले. बायको म्हणाली, "बरं झालं, मोरी मोकळी झाली."

मग मी पहिली चूक केली. २०२२ च्या दिवाळीनंतर मोबाइलवर जाहिरात आली: मराठी मालिकेसाठी नवीन चेहरे हवेत, वय १८ ते ६०, अनुभवाची गरज नाही. वय १८ ते ६० आणि अनुभवाची गरज नाही, म्हणजे श्वास चालू असला की झालं. तिथंच कळायला हवं होतं. अंधेरी पश्चिमेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर मालकाचे मोठमोठ्या नटांबरोबर फोटो. आता कळतं, असे फोटो कुठल्याही गणपतीच्या मंडपात काढून मिळतात. रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आणि पोर्टफोलिओचे बारा. भिशी नुकतीच लागली होती. ती तिथं ठेवली.

फोटोसाठी त्यांनी मला निळा कोट दिला. कोट दोन माप मोठा, म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पुढून बघाल तर फिट्ट. "मान वाकडी करा, डोळ्यांत जरब आणा," असं तो फोटोवाला सांगत होता. ते फोटो अजून आहेत. त्यांत मी लग्नातला बँडवाला दिसतो, तोही बिदागी न मिळालेला. महिनाभरानं त्यांचा फोन लागेनासा झाला. पोरांनो, हे पाठच करा: काम देणारा पैसे मागत नाही. मला पुढे ज्यांनी ज्यांनी काम दिलं त्यांनी मोबाइलवर तीन साधे फोटो मागितले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. उजेडात, बिनमेकअपचे. खर्च शून्य.

त्यानंतर एका गाववाल्यानं मला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांत घातलं. हे ग्रुप म्हणजे एक जगच आहे. सकाळी सहापासून मेसेज पडतात. "हवालदार ३, उंची ५.८, पोट नको." "चाळीतले काका, वय ५०, गरीब पण स्वच्छ." "प्रेत १, चार तास, खोकला नसावा." या शेवटच्या कामाला आमच्या मंडळातला एक मृदंगवाला गेला होता. घरात सांगायची पंचाईत झाली. आईला काय सांगणार, टीव्हीवर मी मेलेला दिसणार आहे म्हणून?

ऑडिशन बहुतेक वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं शेवटच्या स्टेशनापर्यंत चाळीस रुपये, पुढे शेअर रिक्षा. बैठी, जुनी, बराकीसारखी बंगलेवजा घरं, मधून गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी भिंतीकडे तोंड करून बडबडतंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं आपल्या सायकियाट्रीच्या ओपीडीत आलो. ते सगळे डायलॉग पाठ करत होते. दारात एक पोरगा उभा असतो, वय बावीस-तेवीस. तो तुमच्याकडे नखशिखांत एकदा बघतो आणि म्हणतो, "नॉट फिट." संपलं. नाव नाही, गाव नाही. मी अकरा वेळा गेलो, त्यातल्या सात वेळा दारातूनच परत. चाळीस जाताना, चाळीस येताना, रिक्षा वेगळी, आणि त्या दिवसाची हजेरी कापली ती वेगळी. हा हिशेब मी बायकोला कधी दाखवला नाही.

आत घेतलं तर आधी इंट्रो. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून नाव, वय, उंची, मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा, पुढून, मागून. हात कशाला बघतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

एकदा रिक्वायरमेंट आली: हिंदी वेबसिरीज, वॉर्डबॉय, वय ३५ ते ४५. मी ड्युटी बदलून घेतली. मनात म्हटलं, हे तर आपल्याच घरचं कार्य. आत एक मुलगा कॅमेऱ्यामागे, एक मुलगी क्यू द्यायला. दोन ओळी होत्या. बोललो.

त्यानं कॅमेरा बंद केला. "सर, कभी वॉर्डबॉय देखा है?"

"रोज देखता हूँ," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. "थोडा ऑब्झर्व करो. आप वॉर्डबॉय लग नहीं रहे." आणि मग त्यानं मला वॉर्डबॉय करून दाखवला. खांदे पाडलेले, तोंडात गुटखा असल्यासारखं बोलणं, मध्येच मान खाजवणं. मी तसं करून दाखवलं. अर्थात काम मिळालं नाही.

मेट्रोत बसल्यावर विचार करत होतो की मी त्याला सांगितलं का नाही. खिशात आयकार्ड होतं. दाखवलं असतं तर कदाचित हसून घेतलंही असतं. पण मला भीती वाटली, एकदा का मी खरा वॉर्डबॉय निघालो की तो मला नट म्हणून बघायचं बंद करेल. ही भीती खरी होती की खुळी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मध्ये चार-पाच दिवस मॉबमध्येही, म्हणजे सीनमधल्या गर्दीत, काढले. गोरेगाव पूर्वेहून ३४३ नंबरची बस पकडायची, ती फिल्मसिटीत जाते. गेटावर दादासाहेब फाळके चित्रनगरी असं वाचलं की पहिल्या दिवशी छाती भरून येते, दुसऱ्या दिवसापासून आपण फक्त सावली कुठे आहे ते बघतो. आमचं काम पासिंग देणं. म्हणजे नायक-नायिका बोलत असतात तेव्हा त्यांच्या मागून चालत जायचं. डावीकडून उजवीकडे, मग सदरा बदलून उजवीकडून डावीकडे. जेवणाच्या रांगा वेगळ्या, आर्टिस्टची वेगळी आणि ज्युनियरची वेगळी. आमच्या रांगेत पनीर पोचेपर्यंत रस्सा उरायचा. कमिशन कापून आठशे रुपये हातात, तेही रात्री नऊ वाजता, अंधारात, कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे आम्हाला कामावर लावणाऱ्या माणसाच्या, गाडीच्या उजेडात मोजून. तिथं एक साठीचे गृहस्थ भेटले. पासिंग देता देता ते नव्या पोरांना धीर द्यायचे, निळू फुले माळीकाम करायचे, दादा कोंडके अपना बाजारमध्ये नोकरीला होते, म्हणून. दोन्ही खरं आहे. पण मला सारखं वाटायचं, निळूभाऊंबरोबर त्या बागेत आणखीही माळी असतील की.

आता मुद्द्याचं. या वर्षी ग्रुपवर मेसेज आला: मराठी मालिका, वॉर्डबॉय, एक दिवस, दोन वाक्यं, सेल्फ टेप पाठवा, रात्री दहापर्यंत. मी आठ वाजता घरी पोचलो.

आमची खोली दहा बाय बारा. भिंतीला देव्हारा, कपाट, पोराचं टाइमटेबल. रिकामी भिंत नाहीच. शेवटी कपाटाच्या दाराला आकाशी चादर लावली. उजेडाला पोरानं शेजारच्यांचा आणि आमचा असे दोन मोबाइल टॉर्च लावून धरले. बायकोनं तिसऱ्या मोबाइलवर शूट करायचं आणि नायिकेच्या नवऱ्याची वाक्यंही तिनंच बोलायची. ती शाळेत पाढे म्हणावेत तशी म्हणाली, "काय-झालंय-माझ्या-ईश्वरीला." मी म्हटलं, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, पेशंटला आत न्यायचंय." एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या टेकला पोराला हसू आलं, उजेड हलला. तिसऱ्याला शेजारची वहिनी मोबाइल मागायला आली. चौथ्याला बायको म्हणाली, "अहो, एवढं ओरडताय काय, तुम्ही वॉर्डात असं ओरडता का? सिस्टर हाकलून देईल." मी चिडलो. तिला काय कळतं नाटकातलं. चिडलेला असतानाच पाचवा टेक झाला, त्यात मी ओरडलो नाही, फक्त वैतागलेला होतो. वेळ नव्हता म्हणून तोच पाठवला. तोच पास झाला.

दोन दिवसांनी फोन. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे आत, कॉल टाइम सकाळी सात. पंधराशे रुपये, त्यातले वीस टक्के कोऑर्डिनेटरचे. वॉर्डात माझी पाळी घ्यायला एक मामा तयार झाला, त्याच्या दोन रात्रपाळ्या मी करायच्या या बोलीवर.

बाहेरून गोडाऊन. आत नायिकेचा वाडा, तुळशीवृंदावनासकट. देवघराच्या भिंतीला पाठ लावून आयसीयू. म्हणजे देवघरातला सीन चालू असेल तर आयसीयूत पंखा लावायचा नाही. मी सात वाजता पोचलो, माझा शॉट चार-चाळीसला लागला. मधले जवळजवळ पावणेदहा तास मी बसलो होतो. हे काम कोणी शिकवत नाही, पण सगळ्यात मोठं काम तेच आहे. पुस्तक नेऊ नका, झोप येते. स्पॉटदादाशी दोस्ती करा, चहा वेळेवर मिळतो.

बसल्या बसल्या मी ती आयसीयू बघत होतो. मॉनिटरवर एकच रेघ फिरून फिरून येत होती, सलाइनची नळी मनगटाला चिकटपट्टीनं लावलेली, सुई नाहीच. नर्सचं काम करणारी मुलगी बीपीचा पट्टा कोपराच्या खाली बांधत होती. मी गप्प बसलो. पण ट्रॉली आली तेव्हा राहवलं नाही. नायिकेला त्यांनी डोकं पुढे करून झोपवलं होतं. आम्ही पेशंटला सपाटीवर पायाकडून नेतो, ढकलणारा डोक्याशी असतो. म्हणजे पेशंटचा चेहरा सतत आपल्या नजरेखाली राहतो, उलटी झाली, श्वास अडकला तर लगेच दिसतं. मी तेवढं डायरेक्टरना सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "बरोबर असेल तुमचं, मामा. पण नायिकेचे तळवे बघायला कोण टीव्ही लावतं?"

त्यांनीही मला मामाच म्हटलं. नाव विचारायची पद्धत तिथंही नाही.

पहिला टेक. ट्रॉली चार पावलं गेली आणि साउंडवाला ओरडला, "चाक वाजतंय!" दुसरा टेक, चाक वाजतंय. तिसरा, तेच. आर्टवाल्या पोरानं चाकाला दोन लाथा घातल्या. सगळे घड्याळ बघायला लागले, नायिका उठून फोन बघायला लागली. मी म्हटलं, मी बघू का? हेअरवाल्या ताईंकडून खोबरेल तेलाची बाटली आणि एक सेफ्टी पिन घेतली. ट्रॉली आडवी केली. रुग्णालयात ट्रॉलीचं चाक बहुतेक वेळा एकाच कारणानं वाजतं, आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. इथंही तेच. फक्त आमच्याकडे गॉजचे धागे निघतात, इथं विगाचे लांब केस निघाले, मध्ये सुतळी आणि एक टिकली. पिनेनं ते उकरून काढलं, तेल सोडलं, चाक हातानं फिरवून बघितलं. दहा मिनिटं लागली. सेटवरची तीस माणसं गोल करून उभी होती. कॅमेऱ्यासमोर माझं पहिलं कौतुक झालं ते या कामाचं.

मग माझं वाक्य. मी नमनाच्या सवयीनं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं "बाजूला व्हा!" म्हटलं. साउंडवाल्यानं कानावरचा हेडफोन उपटून काढला.

डायरेक्टर म्हणाले, "मामा, एवढं नको. सकाळपासून हा तुमचा विसावा पेशंट आहे असं समजा. तुम्ही दमलायत."

दमलो तर होतोच, सात वाजल्यापासून. दुपारी दोन वाजता कॅज्युअल्टीत गर्दी असते तेव्हा मी जसं म्हणतो, कोणाच्याही तोंडाकडे न बघता, तसं म्हटलं. "ओके. नेक्स्ट." झालं. टाळी नाही, काही नाही. सोळा वर्षांची मावशी तिथं अडचण झाली, आठ वर्षांचा मामा कामाला आला.

आठ दिवसांनी एपिसोड लागला. आमच्या खोलीत अकरा माणसं, दारात चपलांचा ढीग. मी आलो आणि गेलो. चेहरा अर्धा सेकंद, तोही बाजूनं, मग कॅमेरा नायिकेवर. आवाज मात्र पूर्ण होता. आणि नायिकेच्या चेहऱ्याशेजारी, दांडीवर धरलेले माझे दोन्ही हात शेवटपर्यंत. चाळीतले म्हणाले, छान झालं. एक जण म्हणाला, तू कुठे होतास? बायको काही बोलली नाही, तिनं सगळ्यांना चहा केला.

मग गावाहून आईचा फोन. ती शेजाऱ्यांकडे जाऊन बसली होती.

"तोंड बराबर दिसला नाय रे," ती म्हणाली. "पन हात तुजेच. अंगठ्यावर कोयत्याची खूण हाय ना, ती दिसली. मी समद्यांस्नी दावली."

लहानपणी कवळं, म्हणजे झाडाच्या पाल्याच्या फांद्या, तोडताना लागलेला कोयता. ऑडिशनला हात का बघतात ते मला त्या रात्री कळलं, म्हणजे मी तसं धरून चाललोय.

पुढच्या गुरुवारी एडीचा, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरचा, फोन. नायिका अजून कोमात आहे, रविवारी तिला दुसऱ्या वॉर्डात हलवायचंय, तोच वॉर्डबॉय पाहिजे. "आणि मामा, दाढी त्या दिवशीसारखीच हवी. कंटिन्युइटी आहे." त्या दिवशी माझी तीन दिवसांची दाढी होती. आणि शनिवारी रात्री मुलुंडला कालिदास नाट्यगृहात आमचं नमन.

हिशेब केला. गुरुवारी सकाळीच दाढी केली होती, म्हणजे रविवारी तीन दिवसांची बरोबर होते. पण शनिवारी मावशीच्या गालावर दोन दिवसांची. मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं तर ते कडाडले. "मावशीला दाढी? गणपतीसमोर उभं राहायचंय तुला. ती सिरियल तुला जेवायला घालणार काय?" खरं होतं. नमनही घालत नाही, पण ते मी बोललो नाही.

आमचे रंगभूषाकार सत्तरीचे आहेत. त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला, काही न बोलता पॅनकेकचे तीन थर दिले. आरशात ठीक वाटलं. स्टेजवर मोठा दिवा अंगावर आला आणि गाल जांभळट दिसायला लागले. पुढच्या दोन रांगांत कुजबूज सुरू झाली. गवळणी पदर तोंडात धरून हसू दाबतायत. पेंद्याचं काम करणारा माझा चुलतभाऊ, तो असला मोका सोडतो काय.

"मावशी, ह्ये हनुवटीला काय गं?"

संहितेत नसलेलं वाक्य. मी पदर गालावरून ओढला. "मेल्या, तुझी वाट बघत बसले, उगवली."

थिएटर फुटलं. असं हसू मी दामोदर बंद झाल्यापासून ऐकलं नव्हतं. मृदंगवाल्यानं थाप टाकली तरी थांबेना. मग आम्ही ती दाढी पुढची वीस मिनिटं चालवली. कृष्णानं सुद्धा वाट अडवताना दही-दुधाबरोबर वस्तऱ्यावर जकात मागितली. अध्यक्ष विंगेत उभे होते. ते हसत होते की नाही ते मला दिसलं नाही. प्रयोगानंतर त्यांनी मला नारळ दिला, म्हणजे फार रागावले नसावेत.

घरी दोनला पोचलो. तेल लावून चेहरा पुसला, दीड तास झोपलो, साडेपाचला निघालो. सेटवर कंटिन्युइटी बघणाऱ्या मुलीनं मोबाइलमधला त्या दिवशीचा माझा फोटो काढला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मामा, दाढी बरोबर आहे. पण डोळे असे नव्हते."

काजळ. खालच्या पापणीत राहिलं होतं. अख्ख्या मालिकेत नायिकेनं घातलं नसेल एवढं. हेअरवाल्या ताईंनी बेबी ऑइल आणि कापूस घेऊन पंधरा मिनिटं घासलं. काजळ गेलं, डोळे लालभडक झाले. डायरेक्टर मॉनिटरवर बघून म्हणाले, "वा, आज मामा अगदी दमल्यासारखे वाटतायत." या वेळी वाक्य नव्हतं. नुसतं ढकलायचं. पण मी ट्रॉलीला हात लावण्याआधीच आर्टवाला पोरगा धावत आला, खोबरेलाची बाटली घेऊन. "मामा, आधी चाक बघता का?" मला परत का बोलावलं, त्याचा मला थोडा अंदाज आला.

पैशाचं म्हणाल तर पॅनकार्डची झेरॉक्स, एक रद्द केलेला चेक आणि व्हाउचरवर सही घेतली आहे. पेमेंट नव्वद दिवसांनी. पहिल्या दिवसाचे नव्वद येत्या १७ तारखेला भरतात. कोऑर्डिनेटर आणि टीडीएस जाऊन हजाराच्या आसपास हातात पडतील. दोन रात्रपाळ्यांपैकी एक करून झाली, एक देणं बाकी आहे.

सोमवारी सकाळी ड्युटीवर गेलो. सिस्टरनं बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. "मामा, डोळे आलेत तुमचे. वॉर्डात पाऊल टाकू नका. आधी दाखवून या."

मी काही सांगायला गेलो, तिनं ऐकलं नाही. केसपेपर काढून नेत्रविभागाच्या रांगेत जाऊन बसलो. नंबर चौऱ्याऐंशी. दोन तासांनी आत गेलो. डॉक्टर मुलगी तरुण होती, तिनं पापणी खाली ओढली, बॅटरी मारली.

"डोळ्यात काय गेलं?"

"काजळ."

तिनं एकदा माझ्या दाढीकडे बघितलं, आणि केसपेपरवर तसंच लिहिलं.